आधीचं दळण

"भालेकर, चाळण निळी केलीस का?"

रिसबूड सरांचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. चहा गाळताना येतो, तांदूळ धुताना येतो. खर्जातला, सावकाश, शेवटच्या 'का'वर जरासा दाबलेला. सर जाऊन बरीच वर्षं झाली, मीही मुलांना शिकवून घरी बसले. तरी तो आवाज कानावर आला की हातातलं भांडं मी जरा जास्तच जोरानं आपटते. माझी सून म्हणते, "आई, कुणावर राग काढताय?" मी सांगत नाही. राग गेलेला नाही, आणि मला तो घालवायचाही नाही. आहे तो नीट ठेवलाय.

तेव्हा मी पुण्यात संशोधन करत होते. आमची प्रयोगशाळा एका जुन्या दगडी इमारतीच्या मागच्या अंगाला होती, आणि तिला कायम व्हिनेगरचा वास यायचा. तो वास साडीत बसायचा, केसांत बसायचा. मी मामाकडे राहायचे. मामी दारातच नाक मुरडायची. "काय गं शालन, कांदे मुरवायला जातेस का तिथं?"

मुरवत होतो ते दगड. हिमालयातून, स्पितीच्या खोऱ्यातून आणलेले चुनखडीचे दगड पातळ आम्लाच्या बादलीत घालायचे. आठवडा-दहा दिवसांत दगड विरघळून जायचा, तळाला उरायचा गाळ, आणि नशीब असेल तर त्या गाळात दात. कोनोडॉन्ट नावाचा एक जीव कधीकाळी समुद्रात होता. वाम माशासारखा लांबट, बोटाएवढा. हाड नाही, काटा नाही, कातडी तर कधीच विरून गेली. उरले ते तोंडातले दात, खसखशीच्या दाण्याएवढे.

पण काय दात. पिढ्या सरत गेल्या तसं त्यांनी रूप पालटलं. आधी अरुंद पान, मग रुंद पान, मग पानाच्या मधोमध एक गाठ, मग कडेला फुटलेली एक पाकळी. एकदा मागं टाकलेलं रूप पुन्हा अंगावर घेतलं नाही. म्हणून ज्या थरात ज्या रूपाचा दात, त्या थराचं तेच वय. डोंगराला जन्मतारीख विचारायची तर या दाताला विचारायची.

नवा विद्यार्थी आला की त्याला आधी सरावाचा दगड मिळायचा. सरांनी तरुणपणी जर्मनीहून पोत्यानं आणलेला. त्यातले दात मधाच्या रंगाचे, उजेड आरपार जाणारे. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात पाहिले तेव्हा मला वाटलं, हे तोंडात टाकले तर गोड लागतील. मग हात बसला की हिमालयाचा दगड. त्यातले दात कोळशाच्या कणीसारखे काळे. पर्वत उठताना दगड भाजून निघतात, त्यांच्या पोटातले दात करपतात. आधी मध, मग गूळ, मग कोळसा. हे करपण्याचं गणित परदेशात तेव्हा नुकतंच मांडलं गेलं होतं, आणि आमच्याकडे त्याची प्रत सरांनीच आणली होती.

आणि चाळण. गाळ ज्या बारीक पितळी चाळणीत धुवायचा, ती प्रत्येक नमुन्याआधी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची. आधीच्या नमुन्याचा एखादा कण जाळीत अडकून राहिला असेल तर तो निळा होतो. पुढच्या गाळात निळा कण दिसला की समजायचं, हा उष्टा, दुसऱ्याच्या ताटातला. सर रोज सकाळी दारातून आत येताना आधी तेच विचारायचे. नमस्काराला उत्तर नाही, चहा नाही. चाळण निळी केलीस का?

पहिल्या वर्षी मी एकदा म्हटलं होतं, "सर, पण आपले दात काळे. काळ्यावर निळं कसं दिसणार?"

सर थबकले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगितलंय तेवढं कर."

मी करत राहिले.

*

त्या उन्हाळ्यात मी काळ्या नाल्याचा थर उघडला. हे नाव आमचंच, नकाशात ते नव्हतं. स्पितीतल्या एका नाल्याच्या काठावर चुनखडीचा एक करडा पट्टा होता, आणि तो पट्टा म्हणजे सरांचं नाव होतं. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी त्यातून दात काढले, अरुंद पानाचे, गाठ नसलेले, आणि सांगितलं की हा थर मध्य डेव्होनियन काळाचा. तो लेख छापून आला, त्याच्यावर पुढं कितीजणांनी आपापले नकाशे रचले. मला करायचं होतं ते एवढंच की त्या थराच्या वरचे आणि खालचे थर जोडून घ्यायचे. सरांचा थर मी नुसता जाता जाता पुन्हा विरघळवला, आपलं पूर्ण असावं म्हणून.

दात निघाले ते रुंद पानाचे. सगळ्यांच्या मधोमध गाठ.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ उचललाच नाही. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती.

"नमुना कुठला?"

"काळा नाला, सर. करडा पट्टा."

"माझा थर."

"हो. तुमचाच."

"यांना गाठ आहे."

"सगळ्यांना आहे. दोघांना पाकळी पण फुटलीय. म्हणजे हा थर उत्तर डेव्होनियन होतो, सर. आपण समजतो त्याहून दीडेक कोटी वर्षांनी अलीकडचा."

"काय होतं ते मला कळतं." त्यांनी डोळा उचलला. "चाळण निळी केली होतीस?"

"केली होती."

"तुझ्या आधी कोण चाळत होतं?"

"लोखंडे. वरच्या थराचा नमुना होता त्यांचा."

"मग झालं तर. हे लोखंडेचे दात आहेत. तुझ्या गाळात उतरले."

"मी चाळण धुतली होती, सर. निळी केल्यावर पुन्हा धुतली."

"धुतलीस, आणि तरी माझ्या थरात हे. मग काय दात चालत आले?"

मी म्हटलं, "तुमची जुनी स्लाइड एकदा याच्या शेजारी ठेवून बघूया का? दोन्ही एकाच थरातले तर..."

"ती नाजूक आहे." त्यांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता. "हे बघ भालेकर, जूनमध्ये समिती बसेल. तुझी शिष्यवृत्ती चालू ठेवायची की नाही ते माझ्या शब्दावर ठरणार आहे. काम तुझं बरं आहे. हा एक थर वगळ."

"आणि त्याचं वय काय लिहू?"

"छापलेलं आहे ते."

मी मान हलवली नाही. ते त्यांनी पाहिलं.

शिष्यवृत्ती गेली तर मला विट्याला परत जायचं होतं. तिथं आमची पिठाची गिरणी. आण्णांनी मला पुण्याला पाठवताना गल्ल्याजवळची माझी खुर्ची काढली नव्हती. "असू दे गं," म्हणाले होते, "आलीसच तर बसायला होईल." प्रेमानं म्हणाले होते, पण ती खुर्ची मला स्वप्नात दिसायची.

*

दर मंगळवारी विभागात कुणीतरी आपलं काम मांडायचं. माझी पाळी आली तेव्हा मी थर वगळला नाही. फळ्यावर दातांची चित्रं काढली, खालून वर, पान रुंदावत गेलेलं. करड्या पट्ट्याशी आले आणि म्हटलं, इथं मला गाठीचे दात मिळाले.

मागच्या रांगेतून सर उठले. सावकाश पुढं आले. माझ्या हातातला खडू घेतला, आणि मी काढलेल्या दाताभोवती गोल केला.

"हा दात खरा आहे," ते सगळ्यांना म्हणाले. "फक्त त्याचा पत्ता चुकलाय. दुसऱ्याच्या नमुन्यातला उरलेला कण चाळणीत राहतो आणि आपल्या गाळात पडतो. नवशिक्यांचं होतं असं." मग माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, "भालेकरांच्या घरी गिरणी आहे. गिरणीत चालतं हो. ज्वारीत चार दाणे बाजरीचे गेले तर भाकरी होतेच. इथं चार दाण्यांत दीड कोटी वर्षं मिसळतात. तेवढी चाळण घासायची सवय हवी. भांडी घासता ना घरी? तशीच."

लोक हसले. मोठ्यानं नाही, पुण्यात हसतात तसं, नाकातून. लोखंडेही हसले. दिगंबर लोखंडे, माझ्या आधी पाच-सहा वर्षं तिथं असलेले, मला पहिल्यांदा कुंचल्याच्या ओल्या टोकानं दात उचलायला शिकवलेले. ते हसले आणि मग त्यांनी बुटाच्या नाडीकडे बघितलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. कानशिलं तापली, हाताची बोटं गार पडली. मी फळा पुसला. सरांनी केलेला गोल तेवढा ठेवला.

मागच्या नळावर लोखंडे बाटल्या धूत होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"शालन, माफी मागून टाक," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचा राग पावसाळी ढग आहे. निघून जातो."

"तुमचा नमुना होता ना माझ्या आधी?"

"होता."

"चाळण मी तुमच्या देखत धुतली."

ते बाटलीत ब्रश फिरवत राहिले.

"मग तुम्ही उठून सांगायचं होतं. एक वाक्य. चाळण स्वच्छ होती, मी पाहिली."

"माझा प्रबंध सरांच्या टेबलावर आहे," लोखंडे म्हणाले. "सहा महिने झाले. सही व्हायचीय."

"तुमच्या सहीपायी मला गलथान ठरू दिलंत."

"असं घालून पाडून बोलू नकोस."

"कसं बोलू मग? नाकातून?"

लोखंडेंनी नळ बंद केला. ओले हात पँटला पुसले. "तू आलीस तेव्हापासून बघतेयस ना हे निळं? मी आलो तेव्हा नव्हतं. नुसतं धुवायचो, बस. एकदा सर परदेशातून आले, बॅगसुद्धा घरी टाकली नाही. तडक इथं. सगळ्या चाळण्या काढल्या आणि स्वतः घासत बसले. बोटं निळी, सदरा निळा. मी म्हटलं, सर मी करतो. मला म्हणाले, तू बाहेर जा." ते थांबले. "तेव्हापासून चाळणीचा विषय काढला की म्हातारा असा बिथरतो. मी तुला एवढंच सांगतोय की तुझ्या दातावरचा राग नाहीये तो. कशावरचा आहे, मला माहीत नाही."

"मला त्यांच्या रागाचं काय करायचंय," मी म्हटलं. "माझा मला पुरेसा आहे."

*

त्या रागानंच मला रविवार पेठेत नेलं. काळ्या नाल्याचा अजून एक दगड माझ्याकडे होता, पपईएवढा. त्याला आम्लही माझं, बादलीही नवी. राहिली चाळण. पितळी चाळण परदेशातून यायची, ती कुठून आणू? पण गिरणीवाल्याची पोर मी. मैदा चाळायचा नायलॉनचा कपडा किती बारीक मिळतो हे मला ठाऊक होतं. गिरण्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून सगळ्यात बारीक कपडा हातभर घेतला. मामीच्या टोपलीतून भरतकामाची मोठी लाकडी रिंग उचलली. कपडा रिंगेत ताणून बसवला तेव्हा तो डफासारखा वाजला.

मामी बघत होती. "मोर काढतेस का गं?"

"दात काढणारेय."

"कुणाचे?"

मी कपडा आणखी ताणला. मामीच हसली. "काढ, काढ. तोंडावरून तरी वाटतंय, पाडूनच येशील."

कुणाच्याही नमुन्याला कधी न लागलेली चाळण. ती घेऊन मी प्रयोगशाळेत गेले आणि माझी बादली सगळ्यांना दिसेल अशी दाराशीच ठेवली. रोज आम्ल बदलायचं, रोज दगड जरासा झिजायचा, वर फेसाचे बारीक बुडबुडे फुटायचे. सर सकाळी यायचे. बादलीकडे बघायचे, भिंतीला टेकवलेल्या त्या रिंगेकडे बघायचे, आणि आपल्या खोलीत जायचे. त्या सगळ्या दिवसांत त्यांनी मला चाळणीबद्दल एकदाही विचारलं नाही.

दगड विरला तेव्हा मी गाळ धुवायला घेतला. नायलॉनवर पाण्याची बारीक धार सोडत होते, आणि नको असताना मला आई आठवली. गिरणीवाल्याच्या घरातसुद्धा ती पीठ पुन्हा एकदा हातानं चाळायची, आणि चाळता चाळता स्वतःशीच म्हणायची,

पीठ चाळीते चाळणी, वर राहिला कोंडा गं
मनीचं राहिलं मनी, कसं उघडू तोंडा गं

काय राहिलं होतं तिच्या मनी, मी कधी विचारलं नाही. ते दोन ओळींचं गाणं मी सबंध गाळ धुऊन होईपर्यंत दाताखाली धरलं.

वाळलेला गाळ तबकात पसरला. सूक्ष्मदर्शक, कुंचला, ओलं टोक. संध्याकाळपर्यंत माझ्या स्लाइडवर दातांची एक ओळ लागली होती. काळेकुळकुळीत. रुंद पान, मधोमध गाठ.

लोखंडे मागून वाकून बघत होते. "आहेत," ते हळूच म्हणाले.

"मोठ्यानं म्हणा."

त्यांनी सरांच्या दाराकडे बघितलं. मी स्लाइड उचलली आणि सरांच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही.

*

सर खिडकीशी उभे होते. मी स्लाइड त्यांच्या टेबलावर ठेवली.

"नवी बादली," मी म्हटलं. "नवा कपडा. दाराशी ठेवून विरघळवलाय, तुमच्या डोळ्यांदेखत. आता हे कुणाचे दात, सांगा."

"आवाज खाली, भालेकर."

"गिरणीतला आहे, सर. पट्टा चालू असताना खालच्या आवाजात बोललं तर ऐकू येत नाही."

ते वळले. त्यांच्या तोंडावर राग असेल असं मला वाटलं होतं. राग नव्हता, आणि त्यामुळं माझा आणखी वाढला.

"तुमची स्लाइड काढा," मी म्हटलं. "नाजूक आहे म्हणता. माझ्या हाताला काय खाज नाही सुटलेली. मी नुसतं बघेन."

"कशाला?"

"एकाच थरात अरुंद पान पण आहे आणि गाठीचं पण आहे, हे होत नाही. तुम्हीच शिकवलंत. दोघांतला एक परका आहे. माझा परका नाही. मग?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग त्यांनी सदऱ्याच्या आत हात घातला, जानव्याला अडकवलेली किल्ली काढली आणि लोखंडी कपाट उघडलं. आतल्या खणातून एक चपटी डबी. तिच्यातली स्लाइड त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, दिवा लावला आणि बाजूला झाले. खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मी डोळा लावला.

अरुंद पानं. गाठ नाही. सर म्हणाले होते ते सगळं बरोबर होतं. आणि ती पानं सोन्यासारखी चमकत होती. दिव्याचा उजेड त्यांच्यातून आरपार येत होता, आतली बारीक शीर न् शीर दिसत होती.

मधाच्या रंगाचे दात.

मी ते ओळखत होते. पहिल्या वर्षी पहिल्या महिन्यात मी तेच काढले होते, आणि मला वाटलं होतं की गोड लागतील. स्पितीच्या भाजलेल्या दगडात असा दात असू शकत नाही. त्या दगडांतून आम्हां कुणालाही कोळशाखेरीज दुसरा रंग मिळाला नव्हता. हे दात स्पितीचे नव्हते. सरावाच्या दगडातले होते. जर्मनीचे.

मी डोळा उचलला नाही. उचलला असता तर सरांचं तोंड बघावं लागलं असतं. तसंच वाकून राहिले, आणि एकेक गोष्ट आपल्या जागी जाऊन बसू लागली. रोज सकाळचा तो प्रश्न. काळ्या दातांवर न दिसणारं ते निळं. ते काळ्यांसाठी नव्हतंच कधी. मधाचे दात मात्र त्यात चटकन निळे होतात. बॅग घरी न टाकता चाळण्या घासत बसलेला माणूस. करपण्याच्या गणिताची प्रत त्या दौऱ्यात त्यांच्या हाती पडली असणार, आणि परतीच्या वाटेवर त्यांनी मनातल्या मनात ही डबी उघडली असणार.

त्यांना माहीत होतं. मी यायच्या आधीपासून माहीत होतं. आणि माहीत असून त्या मंगळवारी त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला.

"आमच्या गिरणीत," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका शांत निघाला की माझं मलाच नवल वाटलं, "बाई दळण घेऊन आली की डबा खाली ठेवायच्या आधी एक विचारते. आधी काय दळलं? ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू. मागं बाजरी दळली असेल तर ती डबा घेऊन बसून राहते, पण टाकत नाही. निरक्षर बाई विचारते, सर. तुम्ही म्हणालात, गिरणीत चालतं. नाही चालत."

मी आता डोळा उचलला.

"तुम्ही हा नमुना चाळलात त्याच्या आधी चाळणीत काय होतं?"

सरांचा हात खिडकीच्या गजावर होता. बोटं वळलेली.

"दिवा बंद कर," ते म्हणाले. "तापानं दातांखालचा डिंक सुटतो."

मी बंद केला.

"आता जा."

"मला उत्तर हवंय."

"जा, भालेकर."

मी दारापर्यंत गेले आणि वळले. "मला उत्तर इथं नकोच. जिथं मला गलथान म्हणालात, तिथं द्या."

*

समितीच्या दिवसापर्यंत मी कुणाला काही सांगितलं नाही. लोखंडेंनासुद्धा नाही. सांगता आलं असतं. पण मी सांगितलं असतं तर ती एका चिडलेल्या पोरीची चहाडी झाली असती, आणि सरांनी त्या खडूनं आणखी एक गोल काढला असता. शिवाय खरं सांगायचं तर मला त्यांना वाचवायचं नव्हतं. मी बोलले असते तर त्यांचं बोलायचं ओझं उतरलं असतं. ते त्यांनीच उचलावं, डोक्यावर घेऊन चार लोकांतून चालावं, आणि मी बघावं. एवढा माझा राग होता. मी मामीला सांगून ट्रंक भरून ठेवली होती. विट्याची खुर्ची तर खुर्ची.

तीच खोली, तोच फळा. टेबलापलीकडे समितीची माणसं, भिंतीला लागून विभागातली बाकीची मंडळी. लोखंडे दाराजवळ. मी थर वगळला नव्हता. चित्रं तीच, खालून वर, पान रुंदावत गेलेलं. करड्या पट्ट्यापाशी आले तेव्हा नाकातून हसायला कितीजण तयार होते ते मला पाठीला कळत होतं. मी माझे गाठीचे दात दाखवले, नव्या कपड्याचं सांगितलं, आणि खाली बसले.

अध्यक्ष पान उलटत म्हणाले, "हे जरा कठीण आहे. ही मुलगी म्हणते थर उत्तर डेव्होनियन. छापलेलं आहे मध्य डेव्होनियन, आणि तेही खुद्द तिच्या मार्गदर्शकांचं. रिसबूड, तुम्ही तर हे दूषित नमुन्याचं प्रकरण आहे असं म्हणाला होतात. मत तेच आहे ना तुमचं? म्हणजे आपण पुढं जाऊ."

सर उठले. त्या दिवशी त्यांनी कोट घातला होता, जूनच्या उकाड्यात. टेबलाच्या कडेला हात टेकून ते उभे राहिले. माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. बघितलं नाही. फळ्याकडे बघत होते, पट्ट्यातल्या त्या दाताकडे.

"दूषित आहे," ते म्हणाले.

माझी कानशिलं पुन्हा तापली. लोखंडेंनी डोळे मिटून घेतले.

"नमुना दूषित आहे," सर पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी कोटाच्या खिशातून ती चपटी डबी काढली. अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवली. उघडली नाही. बोट मात्र तिच्यावरून काढलं नाही.

"तिचा नाही," ते म्हणाले.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे? मला कळलं नाही, रिसबूड."

सरांनी घसा खाकरला. मी त्यांना घसा खाकरताना पहिल्यांदाच ऐकलं.

"माझ्या नमुन्याच्या आधी चाळणीत जर्मनीचा दगड होता," ते म्हणाले. "आणि चाळण मी धुतली नव्हती."